फीड गप्प असतं तेव्हा

दोन दिवस मी एका बगच्या मागे होते. रात्री कधीतरी डेटाबेसची जोडणी तुटायची, आपोआप पुन्हा लागायची, आणि मधल्या काही सेकंदांतल्या नोंदी दोनदा लिहिल्या जायच्या. लॉग चाळले, टाइमआउट वाढवला, मग कमी केला, नेटवर्क सांभाळणाऱ्यांशी एक छोटं भांडणही झालं. ती जोडणी सांभाळायला आम्ही एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरतो. तिसऱ्या दिवशी सकाळी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर त्या लायब्ररीच्या पानावर सहज डोकावले. सगळ्यांत वरच्या रिलीजच्या टिपणात चौथी ओळ होती: जोडणी तुटल्यावर रांगेतल्या नोंदी दोनदा पाठवल्या जात होत्या, ते दुरुस्त केलं. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. आवृत्ती बदलली, चाचण्या चालवल्या, अर्ध्या तासात विषय संपला.

राग बगचा आला नाही. त्याच तीन आठवड्यांत मी रोज तासभर तरी तांत्रिक वाचन करत होते, निदान माझी तशी समजूत होती. टॅब वापरावेत की स्पेस यावरचा सनातन वाद मी वाचला होता, कोणी कुठली नोकरी सोडली ते वाचलं होतं, एका नव्या भाषेने जुन्या भाषेला कसं संपवलं याचे चार लेख वाचले होते. ज्या दहा-बारा लायब्ररींच्या जिवावर माझं रोजचं काम चालतं, त्यांच्याबद्दल मात्र एक अक्षर माझ्यासमोर आलं नव्हतं. का येईल? समाजमाध्यमांवर काय दिसायचं ते लोक कशावर भांडतात यावर ठरतं. 'रांगेतल्या नोंदी दोनदा जात होत्या' यावर कोण भांडणार?

यावरचा उपाय जुनाच होता: फीड. म्हणजे साइटवर आलेल्या नव्या नोंदींची मशीनला वाचता येईल अशी यादी. रीडर नावाचा प्रोग्रॅम अशा याद्या अधूनमधून तपासतो आणि नवीन ते आपल्यासमोर ठेवतो. फीड मला नवीन नव्हतं. गूगल रीडर ऑक्टोबर २००५मध्ये आला आणि १ जुलै २०१३ला बंद झाला. त्यातली शेवटची काही वर्षं मी तो रोज वापरत होते. बंद होण्याआधी सगळ्यांसारखी मीही माझी यादी उतरवून घेतली होती, 'नंतर बघू' म्हणून. ते नंतर दहा वर्षांनी उगवलं. जुन्या बॅकअपमध्ये ती ओपीएमएल फाइल सापडली. ओपीएमएल म्हणजे फार काही नसतं, फीडच्या नावांची आणि पत्त्यांची एक साधी यादी, पण जवळजवळ प्रत्येक रीडर ती वाचू आणि लिहू शकतो, त्यामुळे एका रीडरमधून दुसऱ्यात घर हलवणं सोपं जातं. माझ्या यादीत ११२ पत्ते होते. नव्या रीडरला ती फाइल दिली, तेव्हा त्यातले ३८ जिवंत निघाले. बाकीच्यांतले बरेचसे नुसते मेलेले, आणि काही त्याहून वाईट: नाव तेच, पण डोमेन दुसऱ्याच कोणीतरी विकत घेऊन तिथे जुगाराच्या जाहिराती लावलेल्या. कंपायलरवर इतकं सुंदर लिहिणाऱ्या एका माणसाच्या पत्त्यावर फिरणारं रूलेटचं चाक बघून खरोखर वाईट वाटलं.

रीडर निवडताना मी आठवडाभर घोळ घातला, त्याचं तपशीलवार वर्णन करण्यात अर्थ नाही. टर्मिनलमध्ये चालणारा न्यूजबोट आधी वापरला. तो मला मनापासून आवडला, पण फोनवरून वाचता येत नव्हतं. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे मिनिफ्लक्स, फ्रेशआरएसएस असे मुक्तस्रोत पर्याय आहेत, मॅकवाल्यांना नेटन्यूजवायर आहे, आणि ज्यांच्याकडे थंडरबर्ड आधीपासून आहे त्यांना तर काहीच नवीन घ्यायला नको, तो ईमेलसारखीच फीडही वाचतो. मी सर्व्हरवर चालणाऱ्यांपैकी एक घेतला. कुठलाही घेतला असता तरी पुढचं सगळं असंच घडलं असतं.

फीड शोधणं हा मात्र एक वेगळाच उद्योग निघाला. पूर्वी ब्राउझरच्या पत्तापट्टीत नारिंगी खूण दिसायची, ती आता नाही. फायरफॉक्सने आपली फीडची सोय २०१८च्या डिसेंबरमध्ये, ६४व्या आवृत्तीत काढून टाकली. त्यामुळे पानावर फीडचा दुवा दिसला नाही की लोकांना वाटतं, फीड नाहीच. बऱ्याचदा असतं. पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून 'अल्टरनेट' हा शब्द शोधायचा. फीडचा पत्ता तिथे, फक्त मशीनला दिसेल अशा ओळीत लिहिलेला असतो. तिथेही नसेल तर अंदाज चालवायचा. वर्डप्रेसच्या साइटवर पत्त्यापुढे 'फीड' लावलं की बहुतेक वेळा मिळतं, ह्यूगो या साधनाने बांधलेल्या साइटवर 'इंडेक्स डॉट एक्सएमएल'. खरा खजिना गिटहबवर लागला. कुठल्याही प्रकल्पाच्या 'रिलीजेस'च्या पत्त्याला शेवटी 'डॉट ॲटम' जोडलं की त्याच्या रिलीजचं फीड तयार. खातं नको, परवानगी नको. त्या संध्याकाळी मी आमच्या कामातल्या सगळ्या लायब्ररी एकेक करून जोडल्या. पायथनची पॅकेजेस जिथून येतात त्या पायपीआयवरही प्रत्येक पॅकेजच्या आवृत्त्यांचं वेगळं फीड आहे, तीही घेतली. दोन दिवस खाणाऱ्या त्या बगची लायब्ररी सगळ्यांत आधी.

मग हात मोकळा सुटला. परिषदांची भाषणं यावीत म्हणून यूट्यूबवरची चॅनेलं जोडली. त्यांनाही फीड असतं, फक्त कोणी सांगत नाही. त्यात शेवटचे १५च व्हिडिओ असतात, आणि एखादी परिषद एका दमात ऐंशी भाषणं चढवते तेव्हा रीडरच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये कितीतरी भाषणं खालून गळून जातात, हे नंतर कळलं. अर्काइव्हवरच्या शोधनिबंधांचं एका विभागाचं फीड घेतलं, कारण मी स्वतःला तेवढी अभ्यासू समजत होते. रोज डझनावारी निबंध. शनिवार-रविवारी तिथे नवीन काही येत नाही, आणि मला त्या दोन दिवसांत सुटल्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा ते फीड काढून टाकलं.

दीड महिन्यात १८० फीड झाली आणि रीडरच्या कोपऱ्यात आकडा दिसू लागला: न वाचलेले २,३१४. सकाळी तो बघितला की छातीत धस्स व्हायचं. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय. समाजमाध्यमांवर निदान खालची रांग कधी संपत नाही हे माहीत तरी असतं. इथे मोजून दाखवत होते. एका शुक्रवारी मी 'सर्व वाचले असे समजा' हे बटण दाबलं. काही झालं नाही. कोणी विचारायला आलं नाही. पुढच्या तीन महिन्यांत ते बटण मी पाच-सहा वेळा दाबलं असेल.

खरा फरक फोल्डर बदलल्यावर पडला. आधी मी विषयांनुसार लावले होते: डेटाबेस, पायथन, सुरक्षा, नेटवर्क. दिसायला ग्रंथालयासारखं छान, पण निरुपयोगी, कारण डेटाबेसच्या फोल्डरमध्ये 'आजच्या आज आवृत्ती बदला' आणि 'बी-ट्रीचा इतिहास, भाग ३' शेजारी-शेजारी बसले होते. मग फोल्डर घाईनुसार लावले. एकाचं नाव 'आज', त्यात फक्त सुरक्षेच्या सूचना आणि आम्ही वापरतो त्या गोष्टींचे रिलीज. दुसरं 'या आठवड्यात'. तिसऱ्याचं नाव 'सवडीने'. त्यातला आकडा दिसणारच नाही अशी सोय केली. 'आज'मध्ये २६ फीड राहिली आणि रोज सरासरी चार-पाच नोंदी. तेवढ्या वाचायला दहा मिनिटं पुरतात.

'आज'ने आपली किंमत २९ मार्च २०२४च्या रात्री दाखवली. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घुसवल्याचं त्या दिवशी उघड झालं. आमच्या सर्व्हरवर डेबियन ही लिनक्स प्रणाली चालते. तिची सूचना माझ्या फीडमध्ये आली, क्रमांक ५६४९, आणि तिच्यात मला हवं होतं ते एकच वाक्य होतं: स्थिर आवृत्त्यांना बाधा झाल्याचं आढळलेलं नाही. टेस्टिंगवर, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या आवृत्तीवर, असलेल्यांनी लगेच अपडेट करा. आमचे सर्व्हर स्थिर आवृत्तीवर. मी तरीही प्रत्येकावर आवृत्ती तपासली आणि झोपले. दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर जे वादळ उठलं होतं त्यात हे वाक्य शोधायला मला किती वेळ लागला असता, देव जाणे.

इथपर्यंत सगळं गोड वाटतंय. पण माझी फजिती झाली ती बातम्यांच्या गर्दीने नाही, शांततेने.

पहिली फजिती फिल्टरची. रिलीजच्या फीडमध्ये खरा रिलीज एक आणि त्याआधीच्या कच्च्या आवृत्त्या सात-आठ येतात: अल्फा, बीटा, मग आरसी १, आरसी २, आरसी ३. मी नियम लावला की शीर्षकात 'आरसी' ही दोन अक्षरं असतील ती नोंद गाळायची. बरं वाटलं. महिनाभर सगळीकडे शांत. मग लक्षात आलं की एका आवडत्या माणसाने सर्च इंजिनवर मालिका सुरू केली होती आणि तिचा एकही भाग मला दिसला नव्हता. इंग्रजीत सर्च लिहून बघा. त्यात आर आणि सी लागून येतात. सोर्समध्ये येतात. आर्किटेक्चरमध्ये येतात. मार्चमध्येसुद्धा येतात, म्हणजे 'मार्च महिन्यातले बदल' अशा शीर्षकाची प्रत्येक नोंद मी इमानेइतबारे गाळत होते. नियम सगळ्या फीडना लावला होता हा पहिला मूर्खपणा, आणि अक्षरांच्या पुढेमागे काय असावं ते सांगितलं नाही हा दुसरा. आता नियम फक्त रिलीजच्या फीडना आहे, आणि त्यात 'आरसी'नंतर आकडा आलाच पाहिजे.

दुसरी फजिती जरा महागात गेली. 'आज'मधलं एक फीड, नाव सांगत नाही, एका छोट्या प्रकल्पाच्या सुरक्षा सूचनांचं होतं. वर्षातून चार-पाच नोंदी येणार, त्यामुळे ते गप्प असणं हेच त्याचं रोजचं रूप. त्याच प्रकल्पावर काम करणाऱ्या एकाशी बोलताना तो म्हणाला, "मग तुम्ही ती दुरुस्ती लावलीच असेल." कुठली दुरुस्ती? अडीच महिन्यांपूर्वीची. मी रीडर उघडला. त्या फीडची शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची होती, आणि नावाशेजारी एक बारीक लाल ठिपका होता. त्याच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

पाणी कुठे मुरतंय ते शोधायला एक संध्याकाळ गेली. फीड म्हणजे शेवटी एक एक्सएमएल फाइल, ठरलेल्या खुणांनी बांधलेला मजकूर. एक्सएमएल नियमाला कडक असतं. वेबपानांच्या एचटीएमएलमध्ये खूण बंद करायची राहिली तरी ब्राउझर सांभाळून घेतो, इथे एक चिन्ह चुकलं की अख्खी फाइल नापास. त्या प्रकल्पाच्या कोणीतरी एका शीर्षकात दोन नावं जोडताना इंग्रजी 'अँड'चं ते वळणदार चिन्ह तसंच लिहिलं होतं. एक्सएमएलमध्ये ते चिन्ह राखीव आहे, नुसतं लिहून चालत नाही. झालं. माझ्या रीडरने फाइल उघडली, अडखळला. तासाने पुन्हा, तेच. तिसऱ्यांदा, तेच. आणि तीनदा सलग अपयश आलं की त्या फीडकडे जाणंच थांबवायचं, हाताने पुन्हा सुरू करेपर्यंत, अशी त्याची ठरलेली मर्यादा होती. दस्तऐवजात लिहिलेली होती. बदलता येत होती. मी वाचली नव्हती. तिकडे ते चिन्ह बहुधा दुसऱ्याच दिवशी सुधारलं गेलं, नंतर सुरक्षा सूचना आली, सगळ्यांना मिळाली. इकडे माझ्या 'आज'मध्ये निवांत शांतता.

नशिबाने आमचं काही बिघडलं नाही. पण त्या दिवसापासून फीडच्या गप्प बसण्यावर माझा विश्वास उरला नाही. सांगण्यासारखं काही नसलं की फीड गप्प असतं. फाइल मोडली, पत्ता बदलला, किंवा फीडऐवजी 'तुम्ही माणूस आहात ना?' असं विचारणारं पान मशीनच्या हातात पडलं, तरी ते तसंच गप्प असतं. रीडरमध्ये हे सगळं सारखंच दिसतं. आता दर सोमवारी पहिलं काम म्हणजे लाल ठिपक्यांची यादी. मग 'आज'मधली फीड शेवटच्या नोंदीच्या तारखेनुसार लावायची आणि सगळ्यांत जुन्या तिघांची पानं ब्राउझरमध्ये उघडून बघायची. कंटाळवाणं आहे. दहा मिनिटं लागतात.

उलट्या बाजूचा अनुभवही सांगते, कारण तिथे चूक निव्वळ माझी होती. त्या धक्क्यानंतर मी घाबरून रीडरला सांगितलं, सगळी फीड दर पाच मिनिटांनी तपास. दोन दिवसांत एका साइटवरून ४२९ यायला लागलं, म्हणजे 'फार वेळा येताय, थांबा'. त्यांचं बरोबरच होतं. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्या माणसाच्या दारात मी दिवसाला २८८ वेळा जात होते. हे सौम्य व्हावं म्हणून एक जुनी युक्ती आहे. सर्व्हर फाइलसोबत ईटॅग नावाची एक खूण देतो. पुढच्या वेळी रीडर ती खूण दाखवून विचारतो, याच्यानंतर काही बदललं का? नसेल तर सर्व्हर फाइल न पाठवता नुसतं ३०४ म्हणतो आणि काम संपतं. माझा रीडर हे इमानदारीत करत होता, पण दिवसाला २८८ वेळा ३०४ म्हणायलाही कंटाळा येतोच की. आता 'आज' तासाला एकदा, 'सवडीने' दिवसातून दोनदा.

जुन्या नोंदी अचानक पुन्हा नव्या होऊन येणं हा प्रकारही एकदा झाला. एका साइटने आपले पत्ते एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेले आणि सकाळी मला तिच्या सगळ्या जुन्या नोंदी न वाचलेल्या म्हणून मिळाल्या. प्रत्येक नोंदीला एक कायमची ओळख असावी लागते, त्यावरून रीडर जुनं-नवं ठरवतो. फीड लिहायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत: २००५च्या ॲटममध्ये ती सक्तीची आहे, २००२च्या आरएसएस २.०मध्ये ऐच्छिक. बरेच जण नोंदीचा पत्ताच ओळख म्हणून वापरतात. पत्त्यात एक 'एस' वाढला आणि रीडरच्या दृष्टीने सगळी माणसं नवीन झाली.

हे सगळं होईपर्यंत वर्ष उलटलं होतं, आणि एके दिवशी डोक्यात प्रकाश पडला की आम्ही जी सेवा चालवतो तिच्या बदलांच्या पानाला फीडच नाही. मी वर्षभर इतरांच्या फीडच्या चुका काढत बसले होते आणि आमच्या एपीआयमध्ये, म्हणजे इतरांचे प्रोग्रॅम आमच्या सेवेशी ज्या वाटेने बोलतात तिच्यात, काय बदललं हे कळायला लोकांना आमच्या पानावर येऊन बघावं लागत होतं. वरिष्ठांना विचारलं तर म्हणाले, "कोण वापरतं आता ते? पण कर, तुझ्या वेळात."

एका दुपारचं काम, असं मला वाटलं होतं. पहिल्याच चाचणीत एका रीडरने आमचे सगळे बदल १ जानेवारी १९७०ला झाल्याचं दाखवलं. मी आरएसएस २.० लिहीत होते आणि तारखा ॲटमच्या पद्धतीने घातल्या होत्या, वर्ष-महिना-दिवस अशा. आरएसएसला तारीख ईमेलच्या जुन्या पद्धतीची लागते, दिवस आधी, महिन्याचं इंग्रजी छोटं रूप, मग वर्ष. जो रीडर समजूतदार होता त्याने सांभाळून घेतलं, दुसऱ्याने तारीख न कळल्यामुळे सरळ संगणकाची कालगणना सुरू होते त्या आदिकाळात फेकलं. ते सुधारलं. मग ओळख म्हणून पत्ता न वापरता प्रत्येक बदलाला वेगळा न बदलणारा क्रमांक दिला. मग मुद्दाम एका खोट्या नोंदीच्या शीर्षकात ते 'अँड'चं चिन्ह घालून पाहिलं. फाइल मोडली नाही. पानाच्या सोर्समध्ये ती 'अल्टरनेट'वाली ओळ टाकली, आणि दिसेल असा दुवाही दिला, कारण सोर्स उघडून बघणाऱ्या माझ्यासारख्या किती असणार.

फीड कोण वाचतं हे लिहिणाऱ्याला कळत नाही. लॉगमध्ये नुसत्या मशीनच्या फेऱ्या दिसतात. फीडलीसारख्या काही सेवा मात्र येताना स्वतःच्या नावापुढे एक आकडा सांगतात, आमच्याकडे याचे इतके वर्गणीदार आहेत म्हणून. पहिले दोन आठवडे तो आकडा १ होता, आणि तो एक म्हणजे मीच, चाचणीसाठी खातं उघडलेली. काल लॉग बघताना तिथे ४ दिसलं. त्याखालच्या ओळीत कोणीतरी न्यूजबोटने आलं होतं, रात्री दोन वाजता, आणि आमच्या सर्व्हरने त्याला ३०४ म्हणून परत पाठवलं होतं.